हेलसिंकी खरंच दोन तासांत बघून होतं का? तिथल्या लोकांसारखं राहायचं तर काय करावं?

तुम्ही ऑगस्टमध्ये चार दिवस हेलसिंकीत आहात. पर्यटकांसारखं न फिरता तिथल्या माणसांसारखं राहून बघायचंय, पण ओळखीच्या कुणीतरी सांगितलंय की शहर दोन तासांत संपतं आणि लोक तोंडातून शब्द काढत नाहीत. हेच वाक्य माझ्या घरच्या माणसाकडून मी इतक्यांदा ऐकलंय की आज उत्तर लिहायला बसलेच.

आधी खरं ते मान्य करते. सेनेट चौकातलं पांढरं कॅथेड्रल, खडक फोडून त्याच्या पोटात बांधलेलं तेम्पेलिआउकिओ चर्च आणि बंदरावरचा बाजार, एवढं दोन तासांत होतं. फिनलंडची राजधानी इथे आली 1812 मध्ये. रशियाच्या झारने ती तुर्कू नावाच्या शहरातून हलवली, तोवर हे लहानसं गाव होतं. राजवाडे मोजायला येणाऱ्याने स्टॉकहोमला जावं. इथल्या लोकांचं शहर समुद्राच्या काठाला, सौनात म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या खोलीत, लायब्ररीत आणि रानात आहे, आणि तिथे तिकीट काढून उभं राहण्याजोगं काही नसतं. तिथे काहीतरी करावं लागतं.

आता माझी गोष्ट. मी मूळची नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि रुळले. एका उन्हाळ्यात थोरली ताई आणि भावजी आमच्याकडे राहायला आले होते. येताना ताईने आईच्या जुन्या साड्यांची गोधडी आणली. ती इथल्या धुण्याच्या मशीनमध्ये मावेना. इमारतीच्या तळघरात सगळ्यांसाठी एक धुण्याची खोली आहे, तिथे आम्ही दोघी त्या गोधडीशी झटत होतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या. माझ्याशी तोवर त्यांचं बोलणं म्हणजे लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरतं. त्यांनी गोधडी बघितली, हाताने टाके चाचपले आणि म्हणाल्या, "शनिवारी दहाला. चटया धुवायला जातेय. ही घेऊन या." एवढंच. उत्तराची वाटही न बघता गेल्या.

हेलसिंकीत समुद्राकाठी चटया धुण्याच्या जागा आहेत. पूर्वी लोक धक्क्यावर बसून थेट समुद्राच्या पाण्यातच धूत, आता बाल्टिकचं पाणी खराब होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी काठावर लाकडी टेबलं मांडलीत आणि साबणाचं पाणी गटारात सोडलंय. पैसे पडत नाहीत. साबण पाइनच्या तेलापासून केलेला, तपकिरी, घट्ट, डांबरासारख्या वासाचा. लांब दांड्याच्या ब्रशने घासायचं, पाइपने धुवायचं, मग दोन रुळांमधून चटई घालून हाताने दांडा फिरवायचा, की पाणी निथळून जातं. नंतर लाकडी आडव्यांवर टाकायचं, घरी जायचं, वाळलं की न्यायला यायचं.

शनिवारी भावजी म्हणाले, धुणी धुवायला मी परदेशात आलेलो नाही. ते कॅमेरा घेऊन ट्रामने गावात गेले. ताई आणि मी आजींबरोबर गेलो.

आजींची चटई होती चिंध्यांची, रॅस्युमात्तो म्हणतात तिला. जुने कपडे, चादरी फाडून त्यांच्या पट्ट्या मागावर विणायच्या. घासता घासता आजी एकेका पट्ट्यावर बोट ठेवून सांगू लागल्या, हा वडिलांचा कामावरचा शर्ट, हा माझ्या शाळेतला झगा, ही चादर. ताईला फिनिश येत नाही, इंग्रजी बोलायचा संकोच. आजींचं इंग्रजीही बेताचंच. ताईने गोधडीवरच्या हिरव्या काठावर बोट ठेवलं आणि मराठीतच म्हणाली, "ही आईची, माझ्या बारशाला नेसलेली." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण आजींना कळलं होतं. मग दोघी एका टेबलावर, एक चटई, एक गोधडी, पाळीपाळीने पाइप धरून धूत राहिल्या. बोलणं जेमतेम. रुळांमधून गोधडी काढताना आजींनी टाके उसवू नयेत म्हणून दोन्ही कडा हाताने सोडवत नेल्या, आणि तेवढ्यासाठी ताई आजही त्यांचं नाव काढते. शेजारच्या टेबलावरच्या एका तरुण जोडप्याने न सांगता आमच्या दोन्ही जड ओल्या गठड्या उचलून आडव्यांवर टाकून दिल्या आणि आपल्या कामाला लागले.

मग आजींनी थर्मासमधली कॉफी काढली आणि कोर्वापूस्ती, म्हणजे इथला दालचिनीचा गोड पाव. ताईने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं, "अगं, वेलदोडा!" हो, इथे गोड पावाच्या कणकेत वेलदोडा पडतोच, तोही जाडसर कुटलेला.

आम्ही घरी आलो तेव्हा भावजी सोफ्यावर बसलेले. "झालं बघून सगळं. दोन तास लागले. आता संध्याकाळी काय?" तेव्हापासून नाशिकच्या प्रत्येक साखरपुड्यात, प्रत्येक मुंजीत त्यांचं एकच पालुपद: दोन तासांचं गाव, माणूसघाणे लोक, कुणी हसतसुद्धा नाही. ताईने पुढच्या दिवाळीत त्या आजींसाठी छोटी गोधडी शिवून पाठवली. एकाच घरातली दोन माणसं, एकाच आठवड्यात एकाच शहरात राहिली. एकाला कुणी भेटलं नाही आणि एकीला मैत्रीण मिळाली. म्हणून सांगते, बोलायला माणूस शोधू नका. हात चालवायला जागा शोधा. इथले लोक अनोळखी माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारत नाहीत, कारण तुमची शांतता मोडणं त्यांना उद्धटपणा वाटतो. काम सोबत केलं की ते आपणहून उघडतात, आणि मग तोंडदेखलं काही उरत नाही.

तुम्ही चटई घेऊन येणार नाही, कबूल. तर सौनात जा. छप्पन लाखांच्या देशात सौना तीसेक लाख. आमच्या इमारतीच्या तळघरातही आहे, शुक्रवारी संध्याकाळचा तास आमचा ठरलेला. पाहुण्यांसाठी काल्लिओ भागातला कोतिहार्यु सौना, 1928 पासूनचा, अजून लाकडावर तापतो. बायका-पुरुष वेगळे. आत कपडे घालत नाहीत, आणि यावर आपल्याकडे जेवढी कुजबुज होते तेवढी तिथे गेल्यावर कुणाच्या मनातही येत नाही, सगळ्या वयांच्या, सगळ्या अंगांच्या बायका निवांत बसलेल्या असतात. आधी आंघोळ करा, बसायला टॉवेल घ्या, दगडांवर पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारा. मधेच लोक टॉवेल गुंडाळून बाहेर फुटपाथवर गार व्हायला बसतात, तुम्हीही बसा. समुद्राकाठचा ल्योल्यु सौना दिसायला फार देखणा आहे, पण तो महाग आणि पाहुण्यांनी भरलेला. फोटो हवे असतील तर तिकडे जा. अंघोळीचे कपडे घालून बायका-पुरुष एकत्र बसायचं तुम्हाला सोपं वाटत असेल तरी तिकडेच जा.

ओदी लायब्ररीत अर्धा दिवस काढा. भावजी म्हणाले होते, लायब्ररी काय बघायची. देशाच्या स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त बांधलेली ही इमारत 5 डिसेंबर 2018 ला उघडली, संसदेच्या अगदी समोर, आणि तिच्या गच्चीवरून संसदेच्या पायऱ्या नजरेला नजर भिडवून दिसतात. मधल्या मजल्यावर शिलाई मशीन आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, गाणं रेकॉर्ड करायच्या खोल्या आहेत. पँट उसवलेली माणसं तिथे येऊन स्वतः टीप मारतात. करदात्याच्या पैशातून याहून चांगलं काय बांधता येतं ते मला कुणीतरी दाखवावं.

खायचं म्हणाल तर ऑगस्ट उत्तम. हाकानिएमीच्या चौकात मटाराच्या शेंगा आणि ब्लूबेरी लिटरच्या मापाने विकतात, वजनावर नाही. लोक शेंगा सोलत, कच्चे मटार खात चालत असतात, मोठी माणसंसुद्धा. ब्लूबेरी तर विकत घेऊच नका. शहराच्या मधून उत्तरेकडे दहाएक किलोमीटर रान गेलंय, केस्कुसपुइस्तो नावाचं. जंगलातली फळं तोडायचा हक्क इथे सगळ्यांना आहे, पाहुण्यालाही, जमीन कुणाचीही असो. फक्त कुणाच्या अंगणात शिरायचं नाही. डबा घेऊन जा.

सुओमेनलिन्ना किल्ला बघाच, 1748 मध्ये स्वीडिश राजवटीत सुरू झालेला, सहा-आठशे माणसं आजही तिथे राहतात. खासगी बोटीचे जास्त पैसे देऊ नका, शहराच्या ट्रामचं एबी तिकीट, म्हणजे ए आणि बी या विभागांचं, त्या सरकारी फेरीलाही चालतं. तोफा मोजत बसू नका, खडकावर चादर अंथरून जेवा, इथले लोक तेच करतात. पाणी नळाचं प्या, ते पाइयॅन्ने सरोवरातून 120 किलोमीटरच्या बोगद्यातून येतं. बाटलीचं पाणी घेणारा माणूस इथे लगेच परका ठरतो.

दुपारी बाहेर जेवायचं तर अकरा ते दोनच्या दरम्यान, 'लोउनास' लिहिलेली पाटी बघून. तेच हॉटेल रात्री दुप्पट पैसे घेतं. शाकाहारी असाल तरी अडचण येत नाही, फक्त सूपमध्ये मासा आहे का विचारा.

एक राहिलं. हे सगळं मी उन्हाळ्याच्या भरवशावर लिहिलंय. चटया धुणं, रान, किल्ल्यावरचं जेवण हे हिवाळ्यात नसतं, तेव्हा सौना आणि लायब्ररीच खरी. आणि जूनमधल्या युहान्नुसच्या, म्हणजे इथल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या, शनिवार-रविवारी येऊ नका असं तुमच्या त्या ओळखीच्यांनाही सांगा. तेव्हा सगळं गाव उठून तळ्याकाठच्या घरांत जातं, दुकानंही बरीच बंद, आणि त्या दिवशी मात्र हेलसिंकी खरंच दोन तासांत संपेल.