चिलखताखालच्या अस्तरासाठी हव्या त्या जाडीचा लोकरी नमदा कुठून बनवून घ्यावा?

राजस्थानातल्या टोंकच्या नमदा कारागिरांकडून. आपल्या घोंगडीवाल्यांकडे जाऊ नका. घोंगडी विणलेली असते, नमदा ओल्या लोकरीचे थर दाबून, लाटून होतो. काश्मिरी नमद्यात कधीकधी सूत मिसळतात, म्हणून आधी विचारा.

फक्त जाडी सांगून भागत नाही, घट्टपणा महत्त्वाचा. 6 मिमी जाडीचा घट्ट नमदा चौरस मीटरला साधारण सव्वा किलो भरावा. हलका असेल तर घावाखाली चेपतो. माप तयार मालाचं सांगा, लोकर बनताना खूप आटते.

नमुना आला की त्यातले थोडे तंतू जाळून बघाच. जळक्या केसांचा वास आणि चुरडणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर.

मराठा पद्धतीचं चिलखत असेल तर मात्र आत कापूस भरलेला, टाचलेला अंगरखाच शिवा.