लघवीच्या पट्टीवरून रक्ताचा अंदाज नको
लिंबूपाण्याने रक्त अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) होतं आणि ते लघवीत बुडवायच्या, रंग बदलणाऱ्या पट्टीवर दिसतं, असं काही जण सांगतात. सोलापूरच्या उन्हात लिंबूपाणी जरूर प्या, पण त्याने रक्त अल्कधर्मी होत नाही. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे अल्क) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो. फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तो काही मिनिटांत सावरतात. मूत्रपिंडं जादा आम्ल लघवीतून काढतात, आम्ल शमवणारं बायकार्बोनेट राखतात. त्यांना मात्र दोन-तीन दिवस लागतात. रक्त सावरण्याचं हे काम लघवीतून होतं, म्हणूनच लघवीचा पीएच साधारण ४.५ ते ८ असा हलतो. पट्टीचा रंग बदलला म्हणजे मूत्रपिंडं काम करताहेत, एवढंच.

शेंगाचटणीनंतरची जळजळ जठर-अन्ननलिकेची, रक्तातल्या आम्लाची नव्हे. त्यावर रोज खायचा सोडा घेऊ नका. त्यात सोडियम भरपूर, रक्तदाबवाल्यांना तर नकोच.

मधुमेहात उलट्या, खोल-जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास आला, तर रक्त खरोखरच आम्ल झालेलं असू शकतं; ताबडतोब रुग्णालय गाठा.