गोल गोटा स्लॅब सॉच्या व्हाइसमध्ये फिरू नये म्हणून काय करावं?

वाशिष्ठी नदीच्या पात्रातले गोटे स्लॅब सॉवर, म्हणजे दगडाचे सपाट काप काढणाऱ्या करवतीवर, कापताना अर्ध्यावर दगड फिरतो आणि ब्लेड अडकतं, असं तुम्ही लिहिलंय. व्हाइस, म्हणजे दगड धरणारा शिकंजा, आणखी आवळून हे थांबणार नाही. सपाट जबडे गोल दगडाला दोनच ठिकाणी टेकतात, आणि त्या दोन टेकूंवरच तो फिरतो. किंचित फिरला तरी चीर ब्लेडला चिमटते. ब्लेड एकदा वाकलं की सरळ काप विसरा.

म्हणून तिसरा टेकू द्या. आंब्याच्या लाकडाच्या ठोकळ्यात ९० अंशांची खाच पाडून गोटा तिच्यात बसवा, समोरून दुसरा जबडा लावा. आंब्याचं लाकूड थोडं दबतं, म्हणून दगड धरून ठेवतं. सागाच्या गुळगुळीत तुकड्यावरून तो निसटतो. उरलेल्या फटीत पाचरी ठोका. गोटा जबड्याच्या एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा ठोकळा हवाच, नाहीतर जबडा तिरका होऊन पकड सुटते. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. आवळल्यावर दगड हाताने जोर लावून हलवून बघा. जरा जरी हलला, तर मोटर सुरू करू नका.

अगदीच गुळगुळीत गोटा असेल तर मी तो चिकटवतोच. ब्लेडपासून लांबची बाजू घासून रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी सपाट जागा करायची. समुद्रकाठचा दगड असेल तर आधी गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढायचं, तेलकट असेल तर साबणाने धुवायचं, आणि पूर्ण वाळवायचं. मग कोरड्या, काटकोनी ठोकळ्यावर फेविकॉलने चिकटवून २४ तास ठेवायचं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ४८ तास द्या. फेविकॉलचा थर पातळच हवा. जाड थर आतून ओला राहतो. फट मोठी असेल तर एमसील भरा. व्हाइसमध्ये ठोकळा धरायचा आणि पुढे आलेल्या दगडाखाली पाचर द्यायची. असं केलं की शेवटच्या तुकड्यापर्यंत काप निघतात. ब्लेड तेलाने थंड ठेवणाऱ्या सॉसाठी फेविकॉल ठीक. पाण्याने थंड ठेवणाऱ्या सॉमध्ये तो सुटतो, तिथे इपॉक्सीच (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा.

सुरुवातीचे ५ मिलिमीटर फार हळू जा, कारण उतारावर टेकलेलं ब्लेड बाजूला घसरतं. खाच पडली की मोटर बंद करून पकड पुन्हा तपासा. थरथरीने पाचरी सैल होतात.

दगड मध्येच फिरलाच, तर जुन्या चिरेत ब्लेड परत घालू नका. दगड वळवून नवीन जागी काप सुरू करा.