आरशापाशी थांब

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. फ्लॉरेन्सच्या चित्रांनंतर फ्लँडर्सची, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातली जुनी चित्रे पाहिली तेव्हा त्यांतली माणसे लाकडी वाटली, असे तू मोकळेपणाने लिहिलेस, हे मला आवडले. पण तुझ्या हातातले माप इटलीचे आहे आणि त्या मापाने फ्लँडर्समधल्या ब्रूज शहराचे काम मोजू नये, असे मला मनापासून वाटते.

ब्रूजचा चित्रकार यान व्हान आयक याचे १४३४ सालचे आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र पुन्हा समोर घे. ओकच्या फळीवरचे हे चित्र जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटरचे आहे. इटलीच्या यथादर्शनाच्या नियमाप्रमाणे जमिनीच्या आणि छताच्या रेषा एकाच बिंदूत मिळत नाहीत, हे तुझ्या लगेच लक्षात येईल आणि तेवढ्यावरून तू चित्र बाजूला ठेवशील, याची मला धास्ती वाटते. तसे न करता मागच्या भिंतीवरच्या बहिर्गोल आरशापाशी थांब. त्यात पाठमोरे पतिपत्नी, खिडकी आणि दारात उभ्या असलेल्या आणखी दोन व्यक्ती दिसतात. आरशाच्या चौकटीवर ख्रिस्ताच्या यातनांचे दहा प्रसंग बसवले आहेत. शेजारच्या जपमाळेतल्या मण्यांमध्येही उजेड साठला आहे.

हा उजेड येतो कुठून, ते नीट समजून घे. फळीवर खडू आणि सरस यांचा पांढरा लेप देऊन तो घोटून गुळगुळीत करत, त्यावर रेखाटन करत आणि मग जवसाच्या तेलात कालवलेले रंग पातळ, पारदर्शक थरांनी चढवत. बाहेरचा प्रकाश त्या थरांतून आत शिरतो, पांढऱ्या लेपावर आदळून परततो आणि म्हणून रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. तैलरंग व्हान आयकने शोधले, ही सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार-चरित्रकार वाझारी याने रूढ केलेली समजूत खरी नाही. बाराव्या शतकातल्या लेखनातही तेलात रंग कालवण्याची कृती आढळते. व्हान आयकचे मोठेपण ते माध्यम त्याने कुठवर नेले, यात आहे.

राहिला माणसांच्या ताठपणाचा प्रश्न. त्यासाठी रोखिर व्हान डर वेयडनने १४३५च्या सुमारास लूव्हेनच्या धनुर्धाऱ्यांच्या संघासाठी रंगवलेले ‘क्रूसावरून अवतरण’ पाहा. कोसळणाऱ्या मेरीचे शरीर आणि ख्रिस्ताचे निष्प्राण शरीर एकाच वळणात आहे: आईचे दुःख त्याने केवळ चेहऱ्यावर न ठेवता तिच्या सबंध देहातून मांडले. गालांवरून ओघळणारा अश्रूचा एकेक थेंबही त्याने स्वतंत्रपणे रंगवला आहे. हे ज्याला साधले, त्याला लाकडी कसे म्हणावे?

आता घरातला पितळी तांब्या खिडकीशी ठेव आणि तैलरंगात, पातळ थरांनी रंगव; पहिला थर पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस, मग महिना लागला तरी चालेल. संपूर्ण चित्राचा फोटो एवढ्यात नको. तांब्यावर पडलेले खिडकीचे प्रतिबिंब तेवढे जवळून टिपून पाठव.