नवजात बाळाच्या छातीत पाणी साठलंय आणि कारण सापडत नाही, तर काय तपासायला हवं?

तुमचं बाळ 5 दिवसांचं आहे, छातीत नळी घातली आहे, पाणी स्वच्छ पिवळसर निघतंय आणि म्हणून 'कायल नाही' असं सांगितलं गेलंय. माझा पहिला प्रश्न हा, की बाळाच्या पोटात दूध गेलंय का? आतड्यातली चरबी वाहून नेणारी लसीकावाहिनी छातीत गळली, की जमतं ते कायल. त्याला दुधाळ रंग येतो तो चरबीमुळे. उपाशी बाळाचं कायल पिवळसरच दिसतं, म्हणून रंगावरून ते नाकारू नका. त्या पाण्यातल्या पेशी मोजायला सांगा: मायक्रोलिटरमागे 1000 च्या वर आणि त्यात 80 टक्क्यांहून जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील, तर कायलच धरतात. दूध सुरू झाल्यावर पाण्यातल्या ट्रायग्लिसराइडची (एक प्रकारची चरबी) तपासणी पुन्हा करा. डेसिलिटरमागे 110 मिलिग्रॅमच्या वर गेलं की कायलच धरतात.

यातली बरीच बाळं काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरी होतात. एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या) चरबीचं दूध देतात, कारण ही चरबी लसीकेत न जाता थेट यकृताकडे जाते. तरी गळती थांबली नाही, तर दूध बंद करून शिरेतून पोषण, मग ऑक्ट्रिओटाइड हे गळती कमी करणारं औषध (तासाला किलोमागे 1 ते 10 मायक्रोग्रॅम). हे चालू असताना रक्तातली साखर आणि पोटाची फुगी बघावीच लागते. नळीतून नुसतं पाणी जात नाही. अल्ब्युमिन आणि रोगप्रतिकारक प्रथिनंही जातात. ती भरून काढली नाहीत, तर सूज वाढते आणि जंतुसंसर्ग गाठतो.

दुसरं कारण सहज सापडण्यासारखं असून नजरेतून सुटतं. बाळाला हातातून किंवा पायातून आत सरकवलेली लाइन, म्हणजे शिरेतली बारीक नळी, आहे का? तिचं टोक सरकलं, तर शिरेतलं पोषणच छातीत उतरतं. त्यात लिपिड (चरबी) असेल तर ते हुबेहूब कायलसारखं दिसतं. फरक साखरेत: कायलमधली साखर रक्ताइतकीच असते, इथे कितीतरी पट जास्त. हेच पाणी हृदयाभोवती जमलं, तर बाळ अचानक कोसळतं. तेव्हा लाइन बंद करून पाणी लगेच ओढून काढलं तरच वाचतं. एक्स-रेवर टोक कुठे आहे, ते आजच विचारा.

आणि आईचं दूध काढणं थांबवू नका, गोठवून ठेवा. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातली साय काढता येते, आणि एमसीटी व जीवनसत्त्वं घालून तेच दूध बाळाला पाजता येतं.