मार्जिन 220 डॉलर, सौदा 1 लाख 10 हजार डॉलरचा

मानेवाड्याचे एक वाचक विचारतात: 'माझी 1 लाख 80 हजारांची एफडी आहे. पुढच्या जूनमध्ये मुलाची इंजिनीअरिंगची फी भरायची आहे. मित्राने परदेशी फॉरेक्स (चलनांच्या सौद्यांचं) अ‍ॅप दाखवलं, त्यात 1:500 लिव्हरेज मिळतं, म्हणजे एका रुपयावर 500 रुपयांचा सौदा. एका लॉटला 220 डॉलरच लागतात, म्हणजे धोका तेवढाच ना? एफडी मोडू का?'

दादा, नका मोडू. आणि धोका 220 डॉलरचा नाही, इथेच तुमचा हिशेब चुकतोय.

कळमन्याच्या बाजारात बयाणा देऊन गाडीभर संत्र्यांचा सौदा केला आणि भाव पडला, तर तोटा बयाण्यावर मोजतात की अख्ख्या गाडीवर? मार्जिन म्हणजे तो बयाणा. युरो-डॉलरचा एक लॉट 1 लाख युरोचा. एका युरोचा भाव 1.10 डॉलर धरला तर सौदा 1 लाख 10 हजार डॉलरचा झाला. त्याला 500 ने भागलं की तुमचे 220 डॉलर येतात. पण नफा-तोटा पूर्ण लॉटवर चालतो: भाव एक पिप, म्हणजे 0.0001, हलला की 10 डॉलर.

डॉलर 90 रुपये धरू. तुमचे 2,000 डॉलर झाले. मार्जिन कमी लागतं म्हणून माणूस एका लॉटवर थांबत नाही, तीन घेतो. मार्जिन 660, पिपमागे 30 डॉलर. खात्यातली शिल्लक मार्जिनच्या निम्म्यावर, म्हणजे 330 वर आली की बरीच अ‍ॅप्स सौदे आपोआप बंद करतात. 2,000 मधून 330 वजा केले तर उरले 1,670. भागिले 30, साधारण 56 पिप. भाव अर्धा टक्का उलटा गेला की दीड लाख रुपये साफ! युरो-डॉलर एवढा तर एका दिवसात हलतो. म्हणून आधी पिपमागे किती रुपये जातील ते काढायचं, मार्जिन नंतर बघायचं. युरोपात 2018 पासून सामान्य ग्राहकाला प्रमुख चलनांत 1:30 च्या वर लिव्हरेज देता येत नाही, ते याच कारणाने.

सौदा वेळेवर बंद होईलच असंही नाही. 15 जानेवारी 2015 ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोला दिलेला किमान 1.20 फ्रँकचा आधार अचानक काढला. भाव मिनिटांत कोसळला आणि कित्येकांची खाती शून्याखाली गेली.

कायद्याचंही ऐका. परदेशी फॉरेक्स सौद्यांच्या मार्जिनसाठी भारतातून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. बेकायदा प्लॅटफॉर्मची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. मात्र त्या यादीत नाव नाही म्हणजे अ‍ॅप कायदेशीर, असं समजू नका. भरणा कोण्या अनोळखी माणसाच्या यूपीआयवर मागत असतील, तर तिथूनच परत फिरा.

आपल्या एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) आहेत, पण मे 2024 पासून त्यासाठी आयात-निर्यातीसारखी खरी चलनजोखीम असावी लागते. नोकरदाराला ती सहसा नसते.

शिकायची हौस असेल तर तीन महिने वहीत सौदे लिहा: भाव, लॉट, पिपमागे रुपये, कुठे खातं रिकामं झालं असतं. आणि मित्राला नफ्याचा स्क्रीनशॉट मागू नका. पैसे बँकेत परत आल्याची पासबुकातली नोंद दाखवायला सांगा.