ग्रेट ओशन रोड एका दिवसात?

प्रश्न : मुलाकडे मेलबर्नला जातोय. तिथला ग्रेट ओशन रोड हा समुद्रकाठचा रस्ता एका दिवसात उरकेल का?

उत्तर : उरकेल, पण मजा जाईल. टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड २४३ किलोमीटर, तेही वळणावळणांचे. टॉर्कीकडूनच निघा, तिथेही गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि समोरची वाहतूक न ओलांडता थांबता येते. मुक्काम अपोलो बे गावात करा, पेट्रोलची टाकीही तिथेच भरा. पुढे रस्ता किनारा सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. ट्वेल्व्ह अपोस्टल्स हे समुद्रातले खडकांचे सुळके सकाळी पाहा (नावात बारा असले तरी सुळके बारा नाहीत!). तिथला सूर्यास्तच हवा असेल तर जवळच्या पोर्ट कॅम्पबेलला राहा, कारण अंधारात रस्त्यावर कांगारू आडवे येतात. परतताना कोलॅकमार्गे आतला रस्ता घ्या.